मायक्रोवेव्ह + कॉस्टिक वापरून काडाची पूर्वप्रक्रिया: वॉट नको, तापमान सांगा

कोरडवाहू

गव्हाचं काड, भाताचं तणस, उसाची चिपाडं, मक्याची धाटं यांतली साखर मोकळी करायच्या पद्धतींवर इथे अधूनमधून चर्चा होते. मायक्रोवेव्हवर मात्र स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा काढतेय.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. वाळलेल्या काडात साधारण ३५ ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३५ टक्के हेमिसेल्युलोज आणि १० ते २५ टक्के लिग्निन असतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना घट्ट बिलगून स्फटिकासारख्या रचलेल्या असतात, भोवती हेमिसेल्युलोजचं (याही साखरेच्याच, पण आखूड साखळ्या) वेष्टन आणि या सगळ्यात लिग्निन हा साखर नसलेला चिवट पदार्थ मुरलेला. साखळ्या तोडून साखर सोडवणाऱ्या एन्झाइमला आत शिरायला वाटच नसते. कच्च्या काडावर कितीही एन्झाइम ओतलं तरी बहुतेक साखर जिथल्या तिथे राहते. ही वाट मोकळी करणं म्हणजे पूर्वप्रक्रिया.

त्यासाठी मायक्रोवेव्ह वापरायची कल्पना जुनी आहे. १९८४ साली जपानी संशोधकांनी तणस आणि चिपाडं पाण्यासकट मायक्रोवेव्हने तापवून एन्झाइमचं काम सुधारतं हे दाखवलं होतं. पुढे त्यात कॉस्टिक सोडा, सौम्य गंधकाम्ल, चुना, अमोनिया, ग्लिसरॉल असं एकेक येत गेलं. २००८ मध्ये हू आणि वेन यांनी स्विचग्रास या गवतावर केलेलं काम अनेकांनी वाचलं असेल. दर ग्रॅम गवताला ०.१ ग्रॅम अल्कली आणि १९० अंश सेल्सिअस, एवढ्यावर त्यांना मिळू शकणारी जवळजवळ सगळी साखर मिळाली.

पद्धतीला माझा विरोध नाही, उलट मला ती मनापासून आवडते. त्रास होतो तो निष्कर्ष लिहिण्याच्या रीतीचा. "७०० वॉटवर १० मिनिटं" असं वाचलं की पुढे काय करायचं हेच कळत नाही. भांड्यात ५० मिली द्रव होता की ५०० मिली? भांडं उघडं होतं की बंद? काड शेवटी १०० अंशाला होतं की १७० ला? काडातल्या रासायनिक बंधांना वॉट कळत नाहीत. त्यांना कळतं तापमान, वेळ आणि आम्ल-अल्कलीची तीव्रता.

दुसरा मुद्दा पाण्याचा. तो जास्त गंभीर आहे, पण आधी यावर तुमची मतं येऊ देत.

---

पानगळ

छान धागा. एक प्राथमिक प्रश्न. मायक्रोवेव्ह नेमकं तापवतो कशाला? काडाला की पाण्याला?

---

कोरडवाहू

@पानगळ, मुख्यतः पाण्याला आणि त्यात विरघळलेल्या आयनांना. कोरडं काड मायक्रोवेव्ह फार कमी शोषतं.

२.४५ गिगाहर्ट्झ म्हणजे विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला जवळजवळ अडीच अब्ज वेळा उलटसुलट होते. पाण्याचे ध्रुवीय रेणू त्या तालाशी जुळवून घेऊ पाहतात, पण मागे पडतात. त्या मागे पडण्यात ऊर्जा उष्णतेत जाते. कॉस्टिक घातलं की सोडियम आणि हायड्रॉक्साइडचे आयन इकडून तिकडे ढकलले जातात आणि तीही उष्णता त्यात जमा होते. गंमत बघा, शुद्ध पाणी तापत जाईल तसं मायक्रोवेव्ह कमी शोषतं आणि आयन असलेलं पाणी तापेल तसं जास्त शोषू लागतं. म्हणून रसायन मिसळलेला घोळ साध्या पाण्याच्या मानाने झपाट्याने वर चढतो.

याची दुसरी बाजूही आहे. साध्या पाण्यात २५ अंशाला या लहरी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर आत जातात, आणि क्षार असतील तर त्याहून कमी. जाड थर घेतला की बाहेरचा भाग उकळतो नि मधला मागे राहतो. "मायक्रोवेव्ह आतून तापवतो" हे लहान भांड्यापुरतं ठीक आहे.

---

अणुरेणू

धागा आवडला, पण "बंधांना फक्त तापमान कळतं" हे मला पटत नाही. तुम्ही उल्लेख केलेल्या त्याच २००८ च्या कामात, नुसत्या पाण्यात भिजवलेल्या गवतातून मायक्रोवेव्हने मिळालेली साखर साध्या तापवण्यापेक्षा ५३ टक्के जास्त होती. ही तफावत कुठून आली? शिवाय यॉर्क विद्यापीठातल्या हरित रसायनशास्त्राच्या गटाने दाखवलंय की १८० अंशाच्या आसपास सेल्युलोजचा अस्फटिक भाग सैल होतो आणि तिथले गट मायक्रोवेव्हला थेट प्रतिसाद देऊ लागतात. म्हणजे क्षेत्राचा स्वतःचा काही परिणाम आहेच. तो नाकारून चालणार नाही.

---

कोरडवाहू

@अणुरेणू, हा वाद मलाही महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ऊर्जेचा आकडा. २.४५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा मोलमागे साधारण १ जूल. हायड्रोजन बंध सैल करायला मोलमागे वीसेक हजार जूल लागतात, कार्बन-कार्बन बंधाला साडेतीन लाखांच्या घरात. नुसत्या खोलीच्या तापमानाला रेणूंची जी धडपड चालू असते तिचीही पातळी मोलमागे अडीच हजार जूल आहे. तेव्हा लहर येऊन बंध तोडते हे चित्र सोडून द्यावं लागतं.

मग उरतं काय? तापवण्याचा वेग आणि तापमानाची असमानता. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स विद्यापीठातल्या गटाने यावर फार सुंदर प्रयोग केले. त्यांनी काचेच्या जागी सिलिकॉन कार्बाइडचं भांडं घेतलं. ते मायक्रोवेव्ह स्वतःच जवळजवळ पूर्ण शोषतं, म्हणजे आतल्या मिश्रणापर्यंत क्षेत्र पोचत नाही, फक्त उष्णता पोचते, आणि तीही त्याच वेगाने. काचेतली आणि या भांड्यातली अभिक्रिया समोरासमोर ठेवली तर बहुतेक सगळीकडे उत्तर सारखंच आलं. ते प्रयोग सेंद्रिय संश्लेषणावरचे होते, काडावरचे नव्हते, हे मान्य. काड हा घन आणि द्रवाचा मिश्र पदार्थ आहे. त्याच्या पेशीभिंतीतलं पाणी आजूबाजूच्या द्रवापेक्षा क्षणभर जास्त तापत असेल, आतली वाफ भिंती फाकवत असेल, हे मी सहज मानते. पण तीही उष्णताच. ५३ टक्क्यांचा आकडा मी नाकारत नाही. त्याचं श्रेय क्षेत्राला द्यायचं तर दोन्हीकडे तापमानाचा चढ, मुक्काम आणि उतार सारखा ठेवून दाखवावं लागेल.

यॉर्कच्या कामातला १८० अंशांचा मुद्दा मला स्वतःला खुला वाटतो. सेल्युलोज सैल झालं की त्याचं शोषण वाढणं स्वाभाविक आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचे प्रयोग १२० ते १६० अंशांतले, कॉस्टिकमधले. तिथे तो लागू करता येणार नाही.

---

अणुरेणू

पेशीभिंतीतली क्षणिक तफावत तुम्ही मानताय, मग आपल्यातलं अंतर बरंच कमी झालं :) ते मोजायचं कसं हाच खरा प्रश्न. सिलिकॉन कार्बाइडच्या भांड्यात काड घालून बघायला हवं.

---

निळावंती

पदव्युत्तर प्रकल्प करतेय. आमच्याकडे प्रयोगशाळेचा मायक्रोवेव्ह नाही, घरगुती ओव्हन आहे. गाइडनी १ टक्का कॉस्टिकमध्ये काड घालून "मध्यम पॉवरवर ५ मिनिटं" सांगितलंय. तापमान मोजायचं कसं? आणि मध्यम पॉवर म्हणजे नक्की किती?

---

मृण्मयी

@निळावंती, पहिलं काम, ओव्हनची खरी शक्ती मोज. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात १ किलो पाणी घे, नीट ढवळून तापमान लिही. पूर्ण पॉवरवर बरोबर २ मिनिटं चालव, लगेच पुन्हा ढवळ, तापमान लिही. वाढलेल्या अंशांना ३५ ने गुणलं की पाण्यात गेलेले वॉट आले. १८ अंश वाढले तर ६३० वॉट. दारावर लिहिलेल्या आकड्याशी हे बहुधा जुळणार नाही, आणि ओव्हन जुना होईल तसं आणखी घसरेल.

"मध्यम पॉवर"ची गोष्ट अशी की बहुतेक घरगुती ओव्हन शक्ती कमी करतच नाहीत. ते पूर्ण शक्तीवर काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं करतात. १०० मिली घोळ असेल तर त्या चालू सेकंदांत तो उसळून बाहेर येतो. मोठं भांडं, कमी घोळ आणि दर थोड्या वेळाने थांबून ढवळणं, याला पर्याय नाही.

तापमानासाठी साधा थर्मोकपल चालू ओव्हनमध्ये ठेवू नकोस. धातू असल्याने ठिणग्या पडतात आणि आकडाही चुकतो. खास यंत्रात फायबर ऑप्टिकचा प्रोब असतो. तुझ्याकडे तो नसेल तर थांबवून, ढवळून, चटकन मोजणं एवढंच हातात आहे. भांडं उघडं असेल तर तापमान १०० च्या थोडंच वर जाईल, तेव्हा "उकळत्या अवस्थेत अमुक मिनिटं" असं प्रामाणिकपणे लिही. ते ७०० वॉटपेक्षा कितीतरी उपयोगी.

---

बाष्पक

वरच्या प्रतिसादाला जोडून सुरक्षिततेचं एक, आणि हे कोणीही वाचून सोडून देऊ नये. जास्त तापमान हवं म्हणून झाकण घट्ट लावलेली बाटली घरगुती ओव्हनमध्ये कधीही ठेवायची नाही. पाण्याच्या वाफेचा दाब १६० अंशाला सुमारे ६ बार, १८० ला १० बार, १९० ला साडेबारा बार असतो. काचेची बाटली फुटते आणि आतून उकळतं कॉस्टिक अंगावर येतं. गरम अल्कली काचेलाही खाते, म्हणजे तीच बाटली पुन्हा पुन्हा वापरली तर ती आणखी कमकुवत होत जाते. बंद भांड्याचं काम दाब मोजणाऱ्या, झडप असलेल्या यंत्रातच आणि टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या भांड्यात. उघड्या भांड्यालाही फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून नेणारी पेटी), चष्मा, हातमोजे. ओव्हन एकदा यासाठी वापरला की तो पुन्हा खाण्याच्या वस्तूंसाठी नाही.

---

निळावंती

दोघांचेही आभार. झाकण लावायचा विचार मनात होता, तो आता रद्द. शक्ती मोजून इथे लिहीन.

---

पानगळ

आम्ल घ्यायचं की अल्कली हे कसं ठरवतात?

---

मृण्मयी

तुम्हाला कोणता घटक काढून टाकायचाय त्यावर.

सौम्य गंधकाम्ल, साधारण अर्धा ते दोन टक्के, हेमिसेल्युलोजवर तुटून पडतं आणि त्यातली झायलोज ही साखर द्रवात येते. लिग्निन बरंचसं जागेवरच राहतं, फक्त वितळून इकडेतिकडे थेंबांसारखं पुन्हा बसतं. तापमान वा वेळ थोडा जास्त झाला की झायलोजचं फरफ्युरल होतं आणि ग्लुकोजचं एचएमएफ (हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल). पुढे यीस्ट वापरणार असाल तर दोन्ही त्याला मारक. मायक्रोवेव्हमध्ये एखादा कोपरा जास्त तापला तर सरासरी तापमान ठीक दिसूनही फरफ्युरल वाढलेलं सापडतं. म्हणून आम्लासोबत ढवळण असलंच पाहिजे.

अल्कली एस्टर बंध तोडते. ॲसिटिल गट सुटतात, लिग्निन विरघळून काळा द्रव होतो, तंतू फुगतात. गवतवर्गीय वनस्पतींमध्ये (काड, तणस, चिपाडं, धाटं सगळी त्यातली) लिग्निन आणि हेमिसेल्युलोज फेरुलिक आम्लाच्या एस्टर बंधांनी सांधलेले असतात, त्यामुळे कॉस्टिक इथे फार प्रभावी. पाइनसारख्या लाकडावर तोच उपाय फिका पडतो. तणसात सिलिका भरपूर असते, तीही अल्कलीत उतरते आणि काळ्या द्रवाची विल्हेवाट अवघड करून ठेवते. याचा विचार सुरुवातीलाच केलेला बरा.

---

बाष्पक

आता कोरडवाहूंनी राखून ठेवलेला पाण्याचा मुद्दा. बॉयलर आणि वाफेत आयुष्य गेलंय, त्यामुळे राहवत नाही. हू आणि वेन यांचा तोच १९० अंशांचा प्रयोग धरा. लिटरला ५० ग्रॅम गवत. १ किलो पाणी २५ वरून १९० अंशांवर न्यायला सुमारे ७०० किलोज्यूल लागतात. म्हणजे ५० ग्रॅम गवतामागे ७०० किलोज्यूल, किलोमागे १४ मेगाज्यूल. मॅग्नेट्रॉन (ओव्हनमधला लहरी तयार करणारा भाग) विजेचं रूपांतर साधारण ६० ते ७० टक्के कार्यक्षमतेने करतो, तेव्हा वीज लागली २० मेगाज्यूलच्या वर. वाळलेलं काड थेट जाळलं तर किलोमागे १५ ते १८ मेगाज्यूल मिळतात. त्यातली सगळी साखर आंबवून इथेनॉल केलं तर हाती जेमतेम ८ मेगाज्यूल.

हिशोब इथेच संपतो.

---

कोरडवाहू

@बाष्पक, अगदी हेच मांडायचं होतं, फक्त एवढ्यावर हिशोब संपत नाही असं मला वाटतं :)

हा आकडा मायक्रोवेव्हबद्दल जितका सांगतो त्याहून जास्त घोळाच्या पातळपणाबद्दल सांगतो. तोच पातळ घोळ वाफेने तापवला तरी १४ मेगाज्यूल पाण्यातच जाणार. आता काडाला तिप्पट पाणी घ्या. ३ किलो पाण्याला २.१ आणि काडाला स्वतःला पाव मेगाज्यूल, मिळून साधारण २.३५. मॅग्नेट्रॉनची घट धरून साडेतीनच्या आसपास. बाहेर पडणाऱ्या गरम घोळाची उष्णता आत येणाऱ्या थंड घोळाला दिली तर आणखी खाली येईल. तापमानही १९० ऐवजी १४० वर आणता आलं तर चित्र पार पालटतं, आणि ते आणण्यासाठीच तर कॉस्टिक घालायचं. रसायनाचं खरं काम तापमान खाली आणणं हे आहे.

कमी पाण्यात मायक्रोवेव्हचा एक खरा फायदाही दिसतो. पातळ घोळ पंपाने उष्णताविनिमयकातून नेता येतो. तिप्पट पाण्यात भिजलेलं काड ओलसर गोळा असतं, ते वाहत नाही. अशा गोळ्याच्या आतपर्यंत बाहेरून उष्णता पोचवणं अवघड. तिथे थेट आत शिरणारी ऊर्जा कामी येते. मात्र शोधनिबंधांत तुलना केली जाते ती नेमकी पातळ घोळाची, जिथे मायक्रोवेव्हची गरज सगळ्यात कमी. याचं मला फार वाईट वाटतं.

---

बाष्पक

तिप्पट पाण्याचा मुद्दा मान्य. पण मग लहर आत शिरण्याची खोली वाढवायला ९१५ मेगाहर्ट्झकडे जावं लागेल. त्याची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटीमीटर, लहर जास्त आत जाते, मॅग्नेट्रॉनची कार्यक्षमताही जास्त, आणि १०० किलोवॉटपर्यंतचे एकेक मॅग्नेट्रॉन उद्योगात वापरले जातात. तरीही वाफेच्या स्फोटाची पद्धत (दाबाखालच्या वाफेत काड तापवून दाब एकदम सोडायचा) माझ्या मते पुढेच राहील. वाफ इंधनापासून थेट होते, मायक्रोवेव्हला आधी वीज करावी लागते.

---

अणुरेणू

वीज सौर किंवा पवन असेल तर?

---

बाष्पक

तर विचार करण्यासारखं आहे. वीज जास्त होते त्या वेळी चालवायचं, मायक्रोवेव्ह क्षणात चालू-बंद होतो. बॉयलरला ते जमत नाही.

---

मृण्मयी

तीव्रतेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. १९८७ मध्ये ओव्हरेंड आणि शोर्ने यांनी तापमान आणि वेळ एकाच आकड्यात बांधणारं सूत्र दिलं: मिनिटांना e च्या (तापमान − १००)/१४.७५ या घाताने गुणायचं आणि त्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा. दर दहा अंशांना तीव्रता साधारण दुप्पट, असा त्याचा अर्थ. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने तापवणारं बंद भांडं) तासभर म्हणजे २.४. १९० अंशांना अर्धा तास म्हणजे ४.१. लॉगमधला हा फरक म्हणजे पन्नासपटीहून जास्त तीव्रता. तेव्हा "ऑटोक्लेव्हपेक्षा मायक्रोवेव्ह सरस" असं वाचलं की आधी हे दोन आकडे काढून बघावेत.

आणि लिग्निनचे टक्के! समजा १०० ग्रॅम काडात ३८ ग्रॅम सेल्युलोज, २० ग्रॅम लिग्निन. प्रक्रियेनंतर ६० ग्रॅम घन उरलं, त्यात ५८ टक्के सेल्युलोज आणि १४ टक्के लिग्निन. २० चे १४ झाले, म्हणजे ३० टक्के लिग्निन गेलं असं लिहिलेलं मी वाचलंय. प्रत्यक्षात उरलं ६० च्या १४ टक्के, म्हणजे ८.४ ग्रॅम. गेलं ५८ टक्के. सेल्युलोज ३४.८ ग्रॅम उरलं, म्हणजे तेही थोडं गेलं. एन्झाइमने त्यातलं ९० टक्के सोडवलं तरी मूळ काडाच्या हिशोबात ते ८२ टक्केच. उरलेल्या घनाचं वजन लिहिलं नसेल तर बाकीचे आकडे तपासताच येत नाहीत.

---

निळावंती

शक्ती मोजली! पूर्ण पॉवरवर पाणी १६ अंशांनी तापलं, म्हणजे ५६० वॉट. दारावर ८०० लिहिलंय.

आता दोन प्रश्न. तुलनेसाठी काय काय ठेवू? आणि धुतलेलं काड ६० अंशाला वाळवून मग एन्झाइम घालायचं ठरलंय, ते बरोबर आहे ना?

---

कोरडवाहू

@निळावंती, मस्त. ५६० हाच आकडा लिही, सोबत घोळाचं वजन आणि तापमान.

तुलनेला चार गोष्टी हव्यातच. कच्चं काड. नुसत्या पाण्यात मायक्रोवेव्ह. त्याच कॉस्टिकमध्ये वॉटर बाथवर तेवढ्याच तापमानाला तेवढाच वेळ. आणि चौथी, जी बहुतेक जण विसरतात, कॉस्टिकमध्ये न तापवता भिजत ठेवलेलं काड. गवतावर थंड कॉस्टिकही बरंच काम करतं, त्याचं श्रेय मायक्रोवेव्हच्या खात्यावर जायला नको.

वाळवू मात्र नकोस. पाणी गेलं की तंतूंमधली सूक्ष्म छिद्रं मिटतात, आणि पुन्हा भिजवलं तरी पूर्वीसारखी उघडत नाहीत. एवढं करून केलेली वाट आपणच बंद करतो. धुवून, दाबून पाणी काढ, ओलंच हवाबंद डब्यात ४ अंशाला ठेव. थोडासा नमुना १०५ अंशाला वाळवून ओलावा काढ आणि त्यावरून कोरडं वजन धर. धुताना सामू उतरेपर्यंत धू, एन्झाइमला ४.८ ते ५ लागतो आणि उरलेलं कॉस्टिक बफरला (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला) भारी पडतं.

---

मृण्मयी

साखर डीएनएसने (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या रंगावरून साखर मोजायची चाचणी) मोजणार असशील तर एन्झाइम न घातलेला आणि काड न घातलेला, असे दोन्ही ब्लँक (वजा करायचे तुलनेचे नमुने) ठेव. एन्झाइमच्या द्रावणातच साखर असते, आणि विरघळलेल्या लिग्निनचा रंग ५४० नॅनोमीटरला आकडा फुगवतो. ५० अंशाला ७२ तास ठेवायचंय, तेव्हा जंतू वाढू नयेत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाल. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच, आणि आम्लात अजिबात मिसळायचं नाही.

---

निळावंती

बफर सायट्रेटचा आहे, सामू ४.८. त्यात अझाइड चालेल ना, की तेही आम्लच धरायचं?

---

मृण्मयी

चालेल, एवढ्या सौम्य प्रमाणात ते सर्रास वापरतात. फक्त बाटली हूडमध्ये उघड. नंतरचा कचरा तीव्र आम्लाच्या कॅनमध्ये ओतायचा नाही आणि सिंकमध्येही नाही, वेगळा साठवायचा. पाइप शिशाचे वा तांब्याचे असतील तर अझाइड त्यांच्याशी स्फोटक संयुगं करतं.